जाऊबाईंच्या सुऱ्या

ज्या वर्षी थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि मग त्याच मुलाशी झालं, त्या वर्षी जाऊबाईंचा उजवा हात थरथरायला लागला. घरात एवढी रडारड आणि धावपळ चालू होती की कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. माझं गेलं, कारण आमच्या खोल्या शेजारी शेजारी आणि सकाळचा चहा आम्ही दोघी एकत्र घ्यायचो. त्यांचा कप बशीवर वाजायला लागला. मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

"काय बघतेस? चहा गरम आहे," त्या म्हणाल्या.

जाऊबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. त्यांना दोन मुलं. मुलगा तो थोरला, आणि मुलगी बेबी. बेबीची साठी आली, तिला जावई आला, तरी ती बेबीच राहिली. गल्लीत जाऊबाईंना सगळे चाकवाल्या आजी म्हणत, कारण त्या धार लावायच्या. सुऱ्या, कात्र्या, वस्तरे, सुताराच्या पटाश्या. धार जाईल अशी कोणतीही वस्तू त्यांच्याकडे यायची आणि धार घेऊन परत जायची.

हा धंदा मुळात दिरांचा. दिरांनी दुसरीकडे घर केलं तेव्हा मागे दोन लहान मुलं ठेवली आणि पायाने फिरवायचं एक चाक ठेवलं. मुलांना खायला लागतं आणि चाकाला लागत नाही, एवढाच काय तो फरक. जाऊबाईंनी तोवर त्या चाकाला हात लावला नव्हता, पण वर्षानुवर्षं समोर बसून भाजी निवडताना बघितलं होतं. त्यांनी ते चाक ओढत नेलं आणि बाजाराच्या फाटकाशी मांडलं. पहिल्या दिवसांत गिऱ्हाईक कमी आणि बघे जास्त. एक खाटीक मजा म्हणून सुरी घेऊन आला. म्हणाला, "बाई, लावता येते का, की नवऱ्याची वाट बघू?"

"नवऱ्याची वाट मी बघत नाही, तुम्ही कशाला बघता? द्या इकडे."

तो खाटीक मरेपर्यंत त्यांच्याकडेच येत राहिला.

माझा नवरा गेला तेव्हा मी महिनाभर भिंतीला पाठ लावून बसले होते. सगळे येऊन समजूत घालून गेले. जाऊबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रडून झालं की खाली ये, धाकटे. चाकाला माणूस कमी पडतंय." मी गेले. धार लावताना पातं दगडावर किती आडवं पाडायचं, पाणी केव्हा शिंपडायचं, पात्याच्या पलीकडच्या अंगाला लोखंडाची बारीक कड उभी राहिली की ती चामड्यावर कशी उतरवायची, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. त्यांच्याइतकं मला कधीच जमलं नाही. त्या तसं तोंडावर सांगायच्या.

वस्तू परत देताना गिऱ्हाइकासमोर परीक्षा करायचीच, हा त्यांचा नियम. सुरी असेल तर सुती दोरा दोन बोटांत सैल धरायचा आणि पातं त्यावर नुसतं टेकवायचं. ताणलेला दोरा कसलीही सुरी तोडते. सैल दोरा तुटला तर धार. कात्री असेल तर ओल्या कापडाचा तुकडा टोकाने कापायचा. कात्री कच्ची असली की कापड कापलं न जाता पात्यांच्या मधे दुमडतं. परीक्षा झाल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही आणि पैसेही घ्यायचे नाहीत.

आणि दुसरा नियम घरचा. आमच्या घरात सगळं माफ होतं, धार मोडलेली माफ नव्हती. पोरं मारामाऱ्या करत, शाळा बुडवत, खोटं बोलत. ओरडा बसायचा आणि विषय संपायचा. पण थोरला दहा वर्षांचा असताना त्याने शिंप्याच्या कात्रीने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. जाऊबाईंनी त्याला हात लावला नाही. कात्री त्याच्या हातात दिली, शिंप्याच्या दुकानात पाठवला आणि म्हणाल्या, "काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग." तो सांगून आला. त्यानंतर बरेच दिवस त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. पोरगं झुरलं. त्या घरात धार मोडणं म्हणजे काय, ते सगळ्यांना तेव्हा कळलं.

म्हातारपणी दीर आजारी होऊन परत आले. दुसऱ्या घराने त्यांना ठेवून घेतलं नाही. जाऊबाईंनी मागच्या खोलीत खाट टाकली आणि शेवटपर्यंत त्यांचं केलं. शेजारणी विचारायच्या, "कसं हो माफ केलंत?" जाऊबाई म्हणायच्या, "माणूस आहे, चुकतो. कात्रीने पत्रा कापला असता तर गोष्ट वेगळी." शेजारणी हसायच्या. जाऊबाई हसायच्या नाहीत.

पुढे थोरल्याने दुकान काढलं. त्यात तयार सुऱ्या, विजेवरची यंत्रं, पाकिटातली पाती. चांगलं चाललं. त्याने घर बांधलं, आईसाठी त्यात खोली ठेवली. जाऊबाई वास्तूला गेल्या, खोली बघितली, खिडकी उघडून बंद केली आणि संध्याकाळी आपल्या खोलीवर परत आल्या. "तुमच्या घरी मी पाहुणी, माझ्या घरी मी बाई," म्हणाल्या. फाटकाशी बसणं त्यांनी सोडलं, पण चाक खोलीत आणलं आणि जुनी गिऱ्हाइकं जिना चढून यायला लागली. स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचं कुलूप, किल्ली कमरेला. मला भूक नसेल तर मी तुझ्याकडे जेवणार नाही आणि तुला भूक असेल तर माझ्याकडे ये, असा आमचा व्यवहार.

हात थरथरायला लागला त्याच वर्षी, लग्नाची गडबड संपल्यावर, कांदा चिरताना त्यांनी बोट कापून घेतलं. जखम खोल होती. त्या पदर गुंडाळून बसल्या होत्या तेवढ्यात नेमकी बेबी आली. फरशीवर रक्त बघून तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून सगळी गल्ली वर आली. टाके पडले. रविवारी थोरल्याने सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. जाऊबाई हाताला पट्टी बांधून मधल्या खुर्चीत, समोर थोरला आणि त्याची बायको, बाजूला डोळे पुसत बेबी, आणि दाराशी मी.

"आई, आता पुरे," थोरला म्हणाला. "इथे ये. तुझी खोली तयार आहे."

"तुमच्या घरात एक म्हातारी आहेच की. दुसरी कशाला?"

"कोण म्हातारी?"

"तुझी बायको."

सूनबाई हसली, पण तिचा चेहरा काही हसला नाही. बेबी म्हणाली, "आई, मस्करी नको. तू एकटी पडलीस, कुठे लागलं, रक्त गेलं, तर आम्हाला कळणार कसं?"

"धाकटी आहे शेजारी. तिला रक्ताचा वास येतो."

"काकू तरी काय तरुण आहे का? तिला ऐकू कमी येतं."

"मला सगळं ऐकू येतं," मी म्हणाले.

"बघ," जाऊबाई म्हणाल्या. "हे बघा, माझी धार जोवर सैल दोरा तोडते, तोवर मी माझ्या खोलीत. ज्या दिवशी तोडणार नाही, त्या दिवशी मी स्वतः किल्ली आणून देईन. कोणी बोलवायला यायचं नाही. चला, मला घरी सोडा."

हे त्या बोलल्या ते मोठ्या दिमाखात बोलल्या. धार ही त्यांची खात्रीची गोष्ट होती. हात थरथरायचा तो कपाशी, बटणाशी. दगडावर पातं टेकवलं की तोच हात स्थिर व्हायचा. मी रोज बघत होते.

त्यानंतर महिन्याभरात त्यांची भाजी चिरायची सुरी बोथट झाली. सुरी बोथट होते, त्यात विशेष नाही. त्यांनी लावली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. टोमॅटोवर सुरी घसरायला लागली. "लोखंड हलकं निघालं," त्या म्हणाल्या आणि दुसरी सुरी काढली. ती त्यांची पंचवीस वर्षांची जुनी, पातं झिजून निम्मं झालेलं, पण धारेला खरी. काही दिवसांत तीही गेली. मग दगडाचा दोष झाला. माझा दगड नेला. मग पाण्याचा. मग चामड्याचा पट्टा कोरडा पडला म्हणून त्याला तेल चोळलं. रोज नवा दोषी. सकाळी चहाला त्या अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघत बसायच्या.

एकदा मला म्हणाल्या, "धाकटे, काल संध्याकाळी मी ही लावली ना?"

"लावलीत की. मी बसले होते."

"दोरा तुटला ना?"

"तुटला."

"मग आज का नाही तुटत?"

चोरी झाली असती तर आम्हाला संशय आला असता. दाराबाहेरून चप्पल गेली असती तरी आला असता. पण कोणी आत येऊन धार मोडून जाईल, हे आमच्या घरातल्या माणसाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्यामुळे राहिला एकच दोषी. जाऊबाईंनी हळूहळू सगळे दोष आपल्या हाताकडे वळवले, मग डोळ्यांकडे, आणि मग डोक्याकडे. "मला लावल्यासारखं वाटतं, पण मी लावत नसणार," असं म्हणायला लागल्या. माझ्या साक्षीवरही त्यांचा भरवसा उरला नाही. "तुला तरी कुठे नीट दिसतं," म्हणायच्या.

गिऱ्हाइकं त्यांनी स्वतःच कमी केली. राहता राहिला म्हातारा शिंपी. हा तोच, ज्याच्या कात्रीने थोरल्याने डबा उघडला होता. तेव्हा तो मिशी फुटलेला पोरगा होता, आता दोन्ही डोळ्यांना जाड भिंगं. दर दोन महिन्यांनी कात्री आणून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी न्यायचा. या वेळी जाऊबाईंनी त्या कात्रीवर अख्खी सकाळ घालवली. मी समोर होते. त्यांनी दोन्ही पाती चढवली, उतरवली, स्क्रू तेलात घातला, ओलं कापड टोकाने कापून बघितलं. काप सरळ टोकापर्यंत गेला. त्यांनी मला बोलावून पुन्हा कापून दाखवलं. खूप दिवसांनी त्या हसल्या. कात्री फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. दुपारी थोरला फळं घेऊन आला, बराच वेळ बसला, आईने डुलकी घेतली तोवर पेपर वाचत थांबला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी शिंपी आला.

"बाई, झाली का?"

"झाली म्हणजे? बघ आता. मधल्या काळात थोडी गडबड होती माझी, पण ही बघ."

त्यांनी कापड ओलं केलं, टोक लावलं आणि दाबलं. कापड दुमडलं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा दुमडलं. तिसऱ्यांदा त्यांनी मुळाशी धरून कापलं तर कापड फाटलं, आणि त्याचे धागे पात्यांना लोंबत राहिले. शिंपी भिंतीकडे बघत होता. तो म्हणाला, "असू दे बाई, माझं काम चालून जाईल. हल्ली कापड असतं तरी कुठे मजबूत."

"गप्प बस," जाऊबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं. तुझी कात्री मी बिघडवली."

मी त्यांच्याबरोबर निम्मं आयुष्य काढलं होतं. हे वाक्य त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी साडी बदलली, कमरेची किल्ली काढली आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बघ." मी म्हणाले, "घाई कसली आहे?" त्या म्हणाल्या, "मी बोलले होते ना सगळ्यांसमोर? मग आता काय तोंड लपवू?"

थोरल्याने आईला उचलून घेतल्यासारखं घरात नेलं. खरंच आनंद झाला त्याला. बेबी धावत आली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सूनबाईने मऊ गादी आणली होती. त्या घरात त्यांना काही कमी नव्हतं. सफरचंद आलं तर सालं काढून, फोडी करून, काटा टोचून. पाव आला तर लोणी लावून. एकदा मी गेले तेव्हा त्या काट्याने फोडी इकडून तिकडे सरकवत बसल्या होत्या. "मला दात आहेत अजून," त्या म्हणाल्या, "पण चावायचंही कोणी येऊन करून जाईल एखाद्या दिवशी." चाक थोरल्याने दुकानाच्या काचेत ठेवलं. लाकडाला पॉलिश, लोखंडाला आणि दगडालाही सोनेरी रंग. जाऊबाईंना दाखवायला गाडीतून नेलं. त्या काचेबाहेरून बघत राहिल्या. "रंग कोणी दिला?" एवढंच विचारलं. रंगवलेल्या दगडावर धार लागत नाही.

खोली रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. थोरल्याला तिथे खोकी ठेवायची होती. मी भांडी काढली, फळ्या पुसल्या, आणि शेवटी मोरी धुवायला घेतली. मोरीला बाहेरच्या अंगाने दगडी कठडा होता, गुडघ्याएवढा. त्याच्या वरच्या कडेवर काळपट रेघा दिसल्या. मी घासल्या, जाईनात. लोखंडाच्या रेघा होत्या. आमच्या घरातलं पोरही ओळखेल. दगडावर पातं फिरलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. आणि धार लावायला नाही. धार लावताना पातं आडवं पडतं आणि दगडावर पसरट डाग उठतो. या रेघा बारीक आणि खोल होत्या. पातं उभं धरून, जोर देऊन ओढलेलं होतं.

मी तिथेच बसले. पाणी वाहत होतं, ते बंद करायचं भान राहिलं नाही. कोण कोण येत होतं, कधी येत होतं, हे मला आठवायची गरज नव्हती.

बेबीला मी बोलावून घेतलं आणि कठडा दाखवला. ती बघूनच खाली बसली.

"काकू, त्या दिवशीचं रक्त तू बघितलंस ना? मी पुसलं ते माझ्या हाताने."

"म्हणून?"

"मी फक्त भाजीच्या सुरीचं केलं. देवाशपथ. म्हटलं, बोथट असली तर लागणार नाही. ती मेली नसती का गं एखाद्या दिवशी?"

"आणि ती जुनी सुरी? कात्री?"

"ते दादाने. मी त्याला सांगितलं मी काय केलं ते, तर तो म्हणाला, बरं सुचलं तुला."

थोरल्याला मी दुकानातच गाठला. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले. त्याने नाकारलं नाही. यंत्र पुसत पुसत बोलला, जणू मी हिशेब विचारायला आले होते.

"काकू, तू सांग, ती आयुष्यात कोणाचं ऐकली? बाबांचं? डॉक्टरचं? माझं? ती माणसाचं ऐकत नाही. धारेचं ऐकते. मग धारेकडून सांगितलं."

"शिंप्यासमोर तिची काय दशा झाली, माहीत आहे तुला?"

"शिंप्याला मी नवी कात्री दिली. त्याचं नुकसान नाही केलं मी."

"मी शिंप्याचं विचारत नाही."

"ती जिवंत आहे ना? वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. एकटी कुठेतरी रक्तात पडलेली सापडली असती तर तूच म्हणाली असतीस, मुलगा काय करत होता." त्याचे डोळे भरून आले. तो खरंच रडला. खोटं रडणाऱ्या माणसाला काहीतरी बोलता येतं. याला काय बोलणार?

"तिला सांग," मी म्हणाले. "तिला वाटतंय तिचा हात गेला. हात गेलेला नाही. एवढं सांग, मग हवं तर पाया पड आणि घरातच ठेव."

"मी सांगितलं तर ती इथे एक क्षण राहणार नाही."

"नाही राहणार."

"मग?" तो म्हणाला आणि यंत्र चालू केलं.

म्हणून मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, जाऊबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, रेघा कशा होत्या तेही. त्यांनी मधे तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे माझी कीव होती.

"तुला माझं वाईट वाटतंय, धाकटे. कळतं मला. पण म्हणून पोरांवर असला आळ घेऊ नये."

"मी आळ घेत नाही. बेबीने स्वतः..."

"बेबी घाबरट आहे. तिला तू म्हणालीस की भिंत तूच पाडलीस, तर हो म्हणेल. धार मोडायची? माझ्या घरात? मी जिवंत असताना?" त्या हसल्या. "चिडून एखादा आईला मारेल. घराबाहेर काढेल. ते सगळं लोक करतात. हे नाही करत कोणी."

"थोरल्याला विचारा."

"बोलाव."

तो आला. मागोमाग बेबीही आली, सूनबाईने फोन केला असणार. जाऊबाईंनी त्याला समोर उभा केला. दहा वर्षांचा होता तेव्हा केला होता तसा.

"काकू म्हणते, माझी धार तू मोडलीस. सुऱ्यांची, शिंप्याच्या कात्रीची. खरं आहे?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. हो म्हणाला असता तर जाऊबाई त्याच क्षणी उठल्या असत्या. पुन्हा त्याचं तोंड बघितलं नसतं, पण आपली किल्ली घेऊन आपल्या खोलीवर गेल्या असत्या. त्यालाही ते ठाऊक होतं.

"काकू, काय हे?" तो म्हणाला. "धार मोडीन मी? तिच्या हाताखाली शिकलोय मी."

बेबी फरशीकडे बघत होती.

"बेबी, तू बोल," मी म्हणाले.

"मला नाही माहीत, काकू. मला यात ओढू नकोस."

जाऊबाईंनी मान हलवली. "झालं समाधान?" त्या मला म्हणाल्या.

माझ्या पिशवीत दगड होता आणि त्यांची ती जुनी झिजलेली सुरी. मी बरोबर आणली होती. मी दगड खिडकीच्या कठड्यावर ठेवला, त्यावर पाणी शिंपडलं, आणि सुरी त्यांच्या हातात दिली. "कोणावर विश्वास ठेवू नका. लावा आत्ता. मी इथे बसते, तुम्ही इथे बसा, कोणी खोलीत येणार नाही. लावा आणि दोरा तोडा."

त्यांनी सुरी घेतली. मूठ बोटांत बरोबर बसली. पातं दगडापर्यंत नेलं. एवढं आडवं पाडलं की मला वाटलं, आता. आणि मग हात थांबला. थरथरला नाही, थांबला. त्यांनी सुरी माझ्याकडे मुठीकडून परत केली.

"नको," त्या म्हणाल्या. "नाही लागली तर? आता निदान वाटतं तरी की म्हातारपणाने गेली. पुन्हा बघायला सांगू नकोस."

थोरला म्हणाला, "आई, फळं खाणार?" आणि सूनबाई आत जाऊन बशी घेऊन आली.

त्यानंतर मी जात राहिले. त्या माझ्याशी बोलायच्या, पण थोडं जपून, आपल्या पोरांवर आळ घेणाऱ्या बाईशी बोलतात तसं. पुढे एकदा मला म्हणाल्या, "माणसाने वेळेवर थांबावं. मी थांबले, ते बरं केलं." मी हो म्हटलं.

आता दुकानात त्यांचा मोठा फोटो लागला आहे. खाली पाटी आहे. मला अक्षरं साठीनंतर आली आणि मी अजून बोट ठेवून वाचते, पण पाटीवरची अक्षरं मोठी आहेत. तिथे लिहिलंय, 'शेवटच्या क्षणापर्यंत स्वावलंबी'. गिऱ्हाइकं वाचतात, थोरला त्यांना आईच्या गोष्टी सांगतो. खाटकाची सांगतो, दिरांची सांगतो, रंगाच्या डब्याचीही सांगतो आणि स्वतःच हसतो. गोष्टी सगळ्या खऱ्या आहेत. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. बेबी मला रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूने जाते.

थोरल्याने दुसरं दुकान उघडलं त्या वर्षी, थंडी ओसरत असताना, एका बुधवारी सकाळी, मुलाच्या घरी, झोपेत जाऊबाई वारल्या. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी होतं.